फकरुद्दीनच्या टाकीतलं शेवाळ

पनवेल
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय सत्या,

सलाम. ऑपरेशन झालं. घशातली गाठ काढली, तपासणीत वाईट काही निघालं नाही. पण डॉक्टरांनी सहा आठवडे तोंड उघडायला बंदी केली आहे, कुजबुजसुद्धा नाही. मालवण बंदरात चाळीस वर्षं ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करताना इंजिनापेक्षा मोठ्याने ओरडलो, त्याचं हे बक्षीस. इल्माने पाटी-पेन्सिल आणून दिली आहे. मी पाटीवर लिहून भांडतो. अर्धं वाक्य होईस्तोवर पोरगी ऑफिसला निघून जाते.

तुला मोबाईलवर लिहून उपयोग नाही. तुझ्या अंगठ्याखाली तीन अक्षरं एकदम दबतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू काहीतरी पाठवलंस, ते मी आणि नर्सने मिळून वाचलं, तरी अर्थ लागला नाही. तेव्हा पत्रच बरं.

आता तुझ्याकडे ठेवून आलेल्या माझ्या माशांच्या टाकीचं. टेम्पोत चढवताना तुला नियमांचा कागद दिला होता, तरी पुन्हा लिहितो. दिवा रोज सहा तास, जास्त नाही. ऊन अजिबात नको. खाणं एकदाच, चिमूटभर. दर शुक्रवारी पाव टाकी पाणी बदल. एवढं पाळलंस तर शेवाळ धरणार नाही. शेवाळ एकदा धरलं की ते घरजावयासारखं असतं, आपण होऊन जात नाही.

इल्मा रोज एकच विषय काढते. अब्बा, मालवणचं घर बंद करा, कायमचे इथेच राहा. मी पाटीवर एकच शब्द लिहितो, टाकी. तिच्या आईनेच ती सजवली होती, म्हणून ती गप्प होते. बदरू जाऊन सात वर्षं झाली. तुमच्या कट्टा गावच्या व्हाळाच्या वाहत्या पाण्यातून तिने उपटून आणलेलं ते लांब, लहरी पानांचं रोप अजून त्यात वाढतंय. सत्या, परत यायला माझ्याकडे दुसरं निमित्त नाही. टाकी गेली तर मी पनवेलचा झालो असं समज.

तुझा,
फकरू


कट्टा
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय फकरू,

रामराम. पत्र मिळालं. गाठीचं वाचून जीव भांड्यात पडला. यशोदेने लगेच देवापुढे साखर ठेवली. तू गप्प बसला आहेस हे मात्र तिला अजून खरं वाटत नाही.

टाकीची काळजी सोड. तुझा नियमांचा कागद यशोदेने देव्हाऱ्यात ठेवला आहे, त्यामुळे तो रोज वाचायला मिळत नाही, पण मनात आदर आहे. टाकी मी ओटीवर मांडली आहे. आतल्या काळोखात एवढी सुंदर वस्तू कशाला कोंडायची? सकाळी सूर्यनारायण थेट आत डोकावतो, मासे सोन्यासारखे चमकतात. एसटीची वाट बघणारे लोक थांब्यावरून उठून आमच्या ओटीवर येऊन बसतात. परवा कंडक्टरसुद्धा खाली उतरून बघून गेला, मालवण गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली.

आलेला माणूस रिकाम्या हाताने येत नाही, हे तुला माहीतच आहे. कोणी चुरमुरे, कोणी बिस्किटाचा चुरा. तुझे मासे तिकडे चिमूटभर खाऊन दिवस काढत होते, इकडे त्यांची चैन आहे. एका माशाने तर पोट सोडलं आहे.

आणि टाकी कशी हिरवीगार झाली आहे म्हणून सांगू! झाडं तर हिरवी आहेतच, पण आता दगडही हिरवे, वाळूही हिरवी. शेजारचा महादू म्हणाला, "सत्या, तुझ्या हाताक गुण आसा रे." मी म्हटलं, शेतकऱ्याचा हात आहे.

घशाला जप. गरम पाणी पी.

तुझा,
सत्यवान


पनवेल
२४ नोव्हेंबर २०२४

सत्या,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा पाटी फोडली. इल्माने नवीन आणली आहे, त्यावर तुला एक शिवी लिहून ठेवली आहे, ती इल्मा असताना पुसावी लागते.

दगड हिरवे म्हणजे काय? दगडाला पालवी फुटत नाही. काच हिरवी आहे का, तेवढं एका शब्दात सांग. काचेवर बोट फिरवून बघ. बोट बुळबुळीत झालं तर ते शेवाळ आहे. ऊन, फुकटचं खाणं आणि तुझं कौतुक, या तिन्ही गोष्टींवर ते वाढतं. टाकी आजच्या आज माजघरात ने. लोकांना सांग, माशांना उपास आहे. आपल्याकडे उपासाचं कोणी कारण विचारत नाही.

बदरूच्या रोपाचं तू काहीच लिहिलं नाहीस. पानांच्या कडेला केसांसारखं काळं शेवाळ दिसतं का?

फोटो पाठव. वहिनींच्या मोबाईलवरून पाठव. तुझ्या शब्दांवर माझा विश्वास आहे, पण तुझ्या डोळ्यांवर नाही.

फकरू


कट्टा
४ डिसेंबर २०२४

प्रिय फकरू,

किती तापतोस! गाठ काढली तरी स्वभाव तोच.

टाकी माजघरात नेली. सात जण लागले. पाण्यासकट उचलली, कारण रिकामी करून उचलायची असते हे आम्हाला नंतर कळलं. यशोदेचं माजघर त्या दिवशी दोनदा सारवून झालं.

काचेचं विचारलंस. काच काचेसारखी आहे. बोट फिरवून बघितलं. माझं बोट मुळातच शेतातलं, त्यावरून नेमकं काही सांगता येत नाही. बदरूवहिनींचं रोप आहे जागेवर. थोडं मलूल वाटलं म्हणून जरा काळजी घेतली, आता बरं आहे. काळजी म्हणजे काय ते विचारू नकोस, घरचीच माणसं आम्ही.

फोटो पाठवला आहे. आमच्या घरात रेंज येत नाही हे तुला ठाऊक आहे. रेंज येते ती वरच्या काजूच्या झाडाखाली, आणि टाकी तिथवर चालत जाऊ शकत नाही, म्हणून व्हिडिओ कॉल जमणार नाही. मी स्वतः काजूखाली उभा राहून फोटो पाठवला, यशोदेने बटण कुठलं ते ओरडून घरातून सांगितलं. बघ आणि शांत हो. पाणी कसं स्फटिकासारखं आहे! इल्मालाही दाखव, म्हणजे ती तुला तिथे अडकवणार नाही.

वायंगणी भाताची लावणी जवळ आली आहे. गडबडीत आहे, म्हणून पत्र आखूड.

तुझा,
सत्यवान


पनवेल
१२ डिसेंबर २०२४

सत्यवान,

फोटो मिळाला. सुंदर आहे. पाणी खरंच स्फटिकासारखं आहे. इतकं स्वच्छ की पुढच्या काचेत फोटो काढणाऱ्या माणसाचं प्रतिबिंब स्पष्ट दिसतं. तो माणूस हिरव्या बनियनवर आहे, लुंगी नेसली आहे आणि त्याने डोळे बारीक केले आहेत. सत्यवान, तो मी आहे. मागे माझ्या घरची खिडकी आहे आणि खिडकीत दर्या आहे. कट्ट्यात दर्या कधी आला?

गेल्या वर्षी मीच वहिनींच्या मोबाईलवर पाठवलेला फोटो तू मला परत पाठवला आहेस. इल्माने तो मोठा करून बघितला आणि माझ्याच पाटीवर लिहिलं, "काका काहीतरी लपवतायत." आता तीही पाटीवर लिहायला लागली आहे. डॉक्टरांनी बंदी मला केली आहे, तिला नाही.

आपण पहिलीपासून एका बाकावर बसलो. तू गणितात माझं बघून लिहायचास आणि माझ्या चुकाही जशाच्या तशा उतरवायचास. तेव्हासुद्धा तू पकडला गेलास की खाली बघून कबूल करायचास. आज साठी ओलांडल्यावर माझ्याशी खोटं बोलायला लागलास, याचं मला वाईट वाटलं. रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं.

शेवाळ धरलं असेल तर एक उपाय आहे. दिवा बंद कर. टाकीवर घोंगडी टाक, चारी बाजूंनी, एक किरण आत जाता कामा नये. तीन दिवस तशीच ठेव. खाणं बंद, घोंगडी उचलून बघणं बंद. चौथ्या दिवशी मेलेलं शेवाळ काढ आणि अर्धं पाणी बदल. उजेडावाचून झाडं तीन दिवस तग धरतात, शेवाळ धरत नाही.

आणि खरं काय ते लिही.

फकरुद्दीन


कट्टा
२७ डिसेंबर २०२४

फकरू,

तू पुरं नाव लिहून सही केलीस, तेव्हाच माझी झोप उडाली. खाली बघून कबूल करतो.

टाकी पंधरा दिवसांतच हिरवी झाली होती. आधी काच, मग दगड, मग झाडांवर कापसासारखे झुपके. बदरूवहिनींच्या रोपाची पानं पिवळी पडू लागली. तुला कळवायला हवं होतं. पण तू लिहिलं होतंस ना, टाकी गेली तर मी पनवेलचा झालो. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मला वाटलं, तू परत येईस्तोवर कसंही करून हे निभावून नेऊ. तू नसलास तर मी कोणाशी भांडू? इथे सगळे माझं ऐकून घेतात.

आता जे सगळ्यात वाईट आहे ते सांगतो. उभा असलास तर बस.

पिवळी पानं बघून मी युरिया घातला.

दोन चिमटी. वायंगणासाठी पोतं आणलंच होतं. पन्नास वर्षं मी भाताचं रोप पिवळं पडलं की हेच करतो आणि ते चार दिवसांत उभं राहतं. टाकीतही पाणी आहे, चिखल आहे, रोप आहे. मला त्यात आणि माझ्या भाताच्या कुणग्यात फरक दिसला नाही. यशोदा म्हणाली होती, "तुमका शेती करूची आसा तर मळ्यात करा, काचेत कित्याक?" मी तिचं ऐकलं नाही. चौथ्या दिवशी शेवाळाचं जे पीक आलं, तसं पीक माझ्या बापजन्मात भाताला आलं नाही. अकरातले दोन मासे गेले. त्यांना मी फणसाखाली पुरलं.

घोंगडीचं तुझं पत्र आलं त्याच दिवशी टाकी झाकली. काळी घोंगडी, माजघराच्या मधोमध. पहिल्या दिवशी दुपारी महादू आला, दारातच थांबला, टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेला रे?" मी म्हटलं, "कोण नाय, मासे आसत." तो म्हणाला, "सगळे?" संध्याकाळपर्यंत वाडीतली सहा माणसं बसायला येऊन गेली. त्यातली एक आजी तर माझ्या खांद्यावर हात ठेवून रडली. कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आमच्या देवळात जत्रा होती. मी नारळ घेऊन गेलो. म्हटलं, एका नारळात तुझा घसा आणि टाकी दोन्ही सांगू, देवाला वेगळा त्रास नको. गाऱ्हाणं घालायला गुरुदास होता. मी त्याच्या कानात सांगितलं, पण ढोल चालू होते. त्याने हात जोडून मोठ्याने सुरू केलं, "बा देवा महाराजा! ह्यो सत्यवान आज तुझ्या पायाकडे नारळ ठेवता हा, तो मान्य करून घे. तेचो मैतर फकरुद्दीन, तेच्या घशात जा काय शेवाळ वाढलेला आसा, ता मुळासकट उपटून सातासमुद्रापलीकडे टाक रे महाराजा!" सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "व्हय महाराजा!" मी गुरुदासाचा सदरा ओढला, पण तो रंगात आला होता. "आणि तेच्या टाकयेक वाचा फुटू दे रे महाराजा!" परत सगळे, "व्हय महाराजा!" मधेच दुरुस्ती सांगायची तर दुसरा नारळ लागला असता, आणि रांगेत चाळीस माणसं होती.

चौथ्या दिवशी घोंगडी काढली. शेवाळ मेलं होतं, पण पाणी कुजल्यासारखं झालं होतं. बरीच झाडं त्याच्याबरोबर गेली. मी आणि यशोदेने हाताने सगळं काढलं, विहिरीचं पाणी भरलं. बदरूवहिनींच्या रोपाला एकही पान उरलेलं नाही. मूळ तेवढं वाळूत आहे. यशोदा म्हणते मूळ जिवंत आहे, पण ती मला बरं वाटावं म्हणूनही म्हणत असेल.

तुझी टाकी मी घालवली, फकरू. माझ्या हाताला गुण नाही. तू तिथेच राहणार असशील तर मी काय बोलू? ज्या निमित्ताने तू येणार होतास, ते मीच खतावून मारलं. मला माफ कर.

सत्यवान


पनवेल
६ जानेवारी २०२५

सत्या,

युरिया. मी ते पान तीनदा वाचलं. मग खुर्चीतून उठलो आणि घरभर फिरलो. तोंड बंद ठेवायची मुदत संपून तीन आठवडे होत आले आहेत, पण आवाज कसा निघेल या भीतीने मी पाटीच चालवत होतो. त्या दिवशी तुझ्या नावाने जे निघालं ते पाटीवर मावण्यासारखं नव्हतं. आवाज करवतीसारखा आहे, पण आहे. गुरुदासाला सांग, घशातलं शेवाळ गेलं.

आता माझंही ऐक. मीही तुला सगळं लिहिलं नव्हतं. तू टाकी छान आहे, छान आहे म्हणून लिहायचास आणि इल्मा मला इथे गरम भाकरी वाढायची. खालच्या बागेत चार म्हातारे भेटतात. मला हळूहळू वाटायला लागलं होतं, टाकी सत्याकडे मजेत आहे, मासे पोट सोडतायत, मग माझी तिथे कोणाला गरज आहे? फोटो बनावट निघाला तेव्हा राग आला, पण मनात कुठेतरी बरंही वाटलं. हे मी तुझ्याखेरीज कोणाला सांगणार नाही.

तुझं पत्र वाचून इल्मा म्हणाली, "अब्बा, टाकी गेली. आता कशाला जायचं?" मी पाटी न घेता तोंडाने सांगितलं, "अगं, बरं असलेल्या माणसाकडे कोण धावतं? आजारी असतं त्याच्याकडे जावं लागतं. तुझ्या आईचं मूळ त्या युरियावाल्याच्या ताब्यात आहे." तिने माझी पाटी उचलून कपाटात ठेवली. त्या रात्रीपासून तिने मालवणचं घर बंद करायचा विषय काढलेला नाही.

मुळाला हात लावू नकोस. खत दाखवू नकोस. त्याच्याशी बोलूसुद्धा नकोस. मी येतो.

तुझा,
फकरू


कट्टा
१४ जानेवारी २०२५

प्रिय फकरू,

संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे.

टाकीची अवस्था फार वाईट आहे. काय सांगू? काच हिरवी, पाणी हिरवं, मासे दिसत नाहीत. मूळ शेवटच्या घटका मोजतं आहे. आम्हाला यातलं काहीच कळत नाही. वाडीतले लोक म्हणतात, आता जाणकार माणूस आला तरच काही होईल. जेवढ्या लवकर येशील तेवढं बरं. इल्मालाही हे पत्र वाचून दाखव, म्हणजे तिलाही प्रसंगाची कल्पना येईल.

तुझा,
सत्यवान

(आतली चिठ्ठी. ही फक्त तुझ्यासाठी. वाचून फाडून टाक.)

फकरू, वरचं सगळं इल्मासाठी आहे. टाकी साफ झाली! घोंगडी काढल्यावर आमच्या व्हाळातले चार मळये मासे धरून आत सोडले. लहानपणापासून बघतोय, व्हाळात मळये असले की दगड कसे घासल्यासारखे लख्ख असतात, तोंडाने खरवडून खातात ते. हे मला दोन महिने सुचलं नाही, कारण मळये म्हटलं की मला कालवण आठवतं. यशोदा अजून त्यांच्याकडे तशाच नजरेने बघते. आठ दिवसांत दगड स्वच्छ, पंधरा दिवसांत काच. आणि कालच बदरूवहिनींच्या मुळातून बोटभर पान वर आलं आहे, तेच लहरी. मी बघून ओरडलो तेव्हा महादू परत टोपी काढून धावत आला.

पण टाकी बरी झाली हे पनवेलात कळता कामा नये. कळलं तर इल्मा म्हणेल, मग आता कशाला जाता? आधी टाकी बरी आहे म्हणून खोटं बोललो, आता वाईट आहे म्हणून बोलतोय. खोटं बोलून मी थकलो, फकरू. तू ये, म्हणजे मला एकदाचं खरं बोलता येईल.

सत्या


पनवेल
२१ जानेवारी २०२५

प्रिय सत्यवानकाका,

नमस्कार. यशोदाकाकूंनाही सांगा. तिळगूळ पोचला.

पाकीट पोस्टमनने माझ्या हातात दिलं आणि अब्बा बागेत गेले होते, म्हणून मीच उघडलं. चिठ्ठी आधी हातात आली. तुम्ही वाचून फाडायला सांगितलं होतं, म्हणून वाचून फाडली. अब्बांना फक्त वरचं पत्र दिलं. टाकी साफ झाल्याचं त्यांना माहीत नाही.

काका, अम्मी गेल्यापासून मी त्यांना इकडे बोलावते आहे. मला वाटायचं, ते तिथे एकटे आहेत, इथे राहिले तर त्यांना आराम मिळेल. आराम मिळालासुद्धा. रोज दुपारी खुर्चीत बसायचे आणि संध्याकाळी त्याच खुर्चीत सापडायचे. मग तुमचं युरियाचं पत्र आलं. त्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर अब्बा जमिनीवर कागद पसरून बसले होते. दिवा किती तास, पाणी किती, कुठलं रोप आधी लावायचं, सगळं लिहून काढत होते आणि त्या फाटक्या आवाजात तुम्हाला शिव्या देत होते. दोन महिन्यांत मी त्यांना एवढं खूश बघितलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले, मग चहा टाकला.

पुढच्या शनिवारी, १ फेब्रुवारीला, सकाळच्या गाडीने ते निघतात. कुडाळला उतरून थेट तुमच्याकडे येतील, घरी नंतर जातील. बॅगेत कपड्यांपेक्षा टाकीचं सामान जास्त आहे. लांब दांड्याचा एक ब्रश घेतला आहे, तो त्यांनी दुकानात चार वेळा घासून बघितला.

म्हणून एक विनंती आहे. तुमचे ते चार मळये आजच काढून परत व्हाळात सोडा. काकूंकडे नको, व्हाळातच सोडा. दोन-तीन दिवस सकाळी टाकी ओटीवर उन्हात ठेवा आणि कोणी चुरमुरे टाकले तर टाकू द्या. नवीन पानाला तेवढं जपा. पण काका, काच थोडी हिरवी होऊ दे. अब्बा एवढ्या लांबून येतायत, त्यांना घासायला काहीतरी हवं.

तुमची,
इल्मा